मोजायचे कोणते, सोडायचे कोणते : मार्चमध्ये धौलाधारवर गरुड मोजताना

राजस्थान, गुजरात, पंजाब आणि पाकिस्तानात हिवाळा काढलेले नेपाळी गरुड फेब्रुवारी सरता सरता परतीला लागतात. आपल्याकडे पक्षीमित्रांच्या बोलण्यात ते स्टेपी ईगल म्हणूनच जास्त येतात. त्यांची घरटी कझाकस्तान, रशियाचा दक्षिण भाग, मंगोलिया आणि उत्तर चीनमधल्या गवताळ मैदानांत असतात. सरळ उत्तरेला निघावं तर आडवा हिमालय. त्यामुळे त्यातले पुष्कळ पक्षी हिमालयाच्या दक्षिण उताराला धरून आधी पूर्वेकडे सरकतात. हिमाचलातली धौलाधार ही या वाटेवरची एक उत्तम जागा. कांगड्याच्या सखल खोऱ्यातून ती एकदम साडेचार हजार मीटरच्या वर चढते, आणि असा सरळसोट चढ म्हणजे गरुडांसाठी वर नेणारा फुकटचा वारा. बीर-बिलिंगचे पॅराग्लायडर याच डोंगररांगेवर, याच वाऱ्यावर तरंगतात.

यान विलेम डेन बेस्टेन या अभ्यासकानं २००१च्या शरद ऋतूत आणि २००२च्या वसंतात धर्मशाळेजवळ बसून हे स्थलांतर पद्धतशीर मोजलं आणि हजारो नेपाळी गरुड या वाटेनं जातात हे कागदावर आणलं. आज तिथं जाऊन मोजायला परवानगीपत्र लागत नाही, पदवी लागत नाही. मात्र एक गोष्ट लागते, आणि नवख्यांना ती सगळ्यात जड जाते : दिसलेला पक्षी न मोजण्याची सवय. धौलाधारवर आभाळ रिकामं असं नसतंच. गिधाडं, घारी, खरूची (केस्ट्रल, लहान ससाणे) दिवसभर समोर फिरत असतात. त्यांतून प्रवासी पक्षी वेगळे काढणं हेच इथलं खरं काम. बाकीचं सगळं त्याच्या तयारीसाठी.

जागा आणि दिवस

पुण्याहून झेलम एक्सप्रेसनं पठाणकोट कँट आणि तिथून बस किंवा टॅक्सीनं धर्मशाळा हा आपल्याकडच्या मंडळींचा नेहमीचा मार्ग. मुक्काम मॅक्लोडगंज किंवा त्याच्या वरच्या धर्मकोटला करावा, म्हणजे सकाळचा वेळ रस्त्यात जात नाही.

बसायला दोन जागा सुचवतो. पहिली धर्मकोटच्या वर गल्लू देवीच्या मंदिराच्या आसपासची सोंड. पोचायला सोपी, चहा जवळ, पाऊस आला तर आडोसा. दुसरी त्रिउंड, सुमारे २८५० मीटर उंचीचं गवताळ पठार. उत्तरेला बर्फाची भिंत, दक्षिणेला कांगड्याचं खोरं, आणि दुपारी गरुड कधीकधी आपल्या डोळ्यांच्या पातळीवरून जातात. मोह त्रिउंडचाच होणार. पण मार्चच्या सुरुवातीला तिथं बर्फ असू शकतो आणि चढायला तीन-चार तास लागतात, म्हणजे पोचेपर्यंत सकाळ हातची गेलेली. माझं मत विचाराल तर पहिले दोन दिवस गल्लूलाच बसा. हात बसला की वर जा. हवामान बिघडलं की जिल्हा प्रशासन वरच्या वाटा बंद करतं आणि मुक्कामाचे नियमही बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी स्थानिक चौकशी करा आणि वाटेत नोंदणीची चौकी असेल तर नाव लिहूनच पुढे जा.

दिवस निवडताना मार्चचे दोन आठवडे धरा. एका दिवसावर भरवसा ठेवू नये. या महिन्यात पश्चिमेकडून येणाऱ्या हवेच्या प्रणाली हिमाचलात पाऊस-बर्फ आणतात आणि तेव्हा पक्षी खाली कुठंतरी बसून राहतात. पाऊस उघडून ऊन पडलं की अडकलेले सगळे एकदम निघतात. म्हणून सुट्टी संपत आली, पाऊस थांबत नाही, अशा वेळी तिकीट एक दिवस पुढे ढकलता आलं तर ढकला.

पिशवीत काय

८×४२ किंवा १०×४२ची दुर्बीण. नवीन घेणार असाल तर ८×४२ घ्या, कारण तिच्यात आभाळाचा मोठा तुकडा मावतो आणि हात कमी थरथरतो. तिपाईवरची स्पॉटिंग स्कोप ओळख पटवायला कामाची, शोधायला नाही. सहा जणांत एक पुरे. वही, दोन पेन्सिली (थंडीत बॉलपेन रुसतं), मनगटी घड्याळ. मोजायला देवळाबाहेर मिळतो तो बोटात घालायचा जपाचा काउंटर फार छान. दुर्बिणीवरचा डोळा न काढता अंगठ्यानं बटण दाबता येतं. दोन घ्या, एक गरुडांना आणि एक घारींना.

टोपी, गॉगल, सनस्क्रीन विसरू नका. बर्फावरून परतणारं ऊन हनुवटीखालून भाजतं. आणि एक फोमची चटई न्या. दुपारी पक्षी डोक्यावर जातात तेव्हा उताणं पडून मोजणं हाच उपाय आहे, नाहीतर दुसऱ्या दिवशी मान वळत नाही.

बसल्या बसल्या पहिलं काम

पक्षी शोधायच्या आधी दिशा पक्क्या करा. धौलाधार वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेली आहे. वसंतातले प्रवासी चंब्याच्या बाजूनं येतात आणि पालमपूरच्या बाजूला जातात. तुम्ही बर्फाकडे तोंड करून बसलात तर ते डावीकडून उजवीकडे जातील. खोऱ्याकडे तोंड केलंत तर उजवीकडून डावीकडे. ऐकायला सोपं वाटतं, पण दहा जणांच्या आरड्याओरड्यात कोण कुठं तोंड करून बसलंय याचा पत्ता राहत नाही. म्हणून वहीत ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ असे शब्द वापरूच नका. ‘पूर्वेला’, ‘पश्चिमेला’ एवढंच लिहा.

मग एक काल्पनिक रेघ ठरवा. समोरचा एखादा ठळक सुळका, तुमची जागा आणि खोऱ्यातली एखादी ठळक खूण यांना जोडणारी, साधारण डोंगररांगेला आडवी. जो पक्षी ही रेघ पश्चिमेकडून पूर्वेला ओलांडेल तो मोजायचा. रेघेच्या अलीकडे अर्धा तास घिरट्या घातल्या तरी त्याची नोंद नाही. एसटी स्टँडवर घुटमळणारे कितीही असोत, गाडीत बसून फाटकाबाहेर पडले तेच प्रवासी, तसं.

रेघ ओलांडून पुन्हा पश्चिमेला परतणारेही असतात. त्यांना वेगळा रकाना द्या आणि दिवसाच्या शेवटी वजा करा. हा रकाना भरायचा पुष्कळांना कंटाळा येतो, आणि तिथंच आकडा फुगतो.

आभाळ कसं वाचायचं

निरभ्र निळं आभाळ फोटोला छान, मोजणीला वाईट. नुसत्या निळ्याकडे पाहत राहिलं की डोळा आपोआप जवळच्या अंतरावर स्थिरावतो आणि दूरचा ठिपका दिसतच नाही. मिनिटाभरानं दूरच्या बर्फाच्या कडेवर नजर टेकवा, मग पुन्हा आभाळाकडे वळा. थोडे पांढरे ढग असलेला दिवस सगळ्यात चांगला, ढगावर काळा ठिपका लगेच उठून दिसतो.

आधी नुसत्या डोळ्यांनी क्षितिजावर एक फेरी, मग दुर्बिणीनं. दुर्बीण सावकाश, थांबत थांबत फिरवा, आणि दर वेळी आधीच्या दृश्याचा थोडा भाग पुढच्या दृश्यात येऊ द्या. कडेची फेरी झाली की एक पट्टा वर सरका. पक्षी बहुतेक वेळा पश्चिमेच्या टोकालाच पहिल्यांदा सापडतात, म्हणून निम्मा वेळ तिकडे द्या. सूर्य दक्षिणेला असतो. खोऱ्याकडे पाहताना पक्षी नुसत्या काळ्या सावल्या दिसतात, तर बर्फाच्या बाजूला त्यांच्यावर ऊन पडून रंग कळतात. दुर्बीण सूर्याजवळून फिरवताना जपा, मुलं बरोबर असतील तर त्यांना हे दोनदा सांगा.

सोबत्याला पक्षी दाखवताना ‘तो बघ, तो बघ’ याचा काही उपयोग नसतो. हात ताठ करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात आणि एक बोट म्हणजे दोनेक अंश. ‘दुहेरी सुळक्याच्या डाव्या टोकावर तीन बोटं’ असं म्हटलं की दुसऱ्याला लगेच सापडतं. सकाळी सगळ्यांनी मिळून समोरच्या सुळक्यांना नावं देऊन टाका. नावं कसलीही चालतात, ती सगळ्यांची एक असली म्हणजे झालं.

वेळेचं म्हणाल तर मार्चमध्ये उतार तापून वारा वर उचलू लागायला सकाळचे साडेनऊ-दहा होतात. त्या सुमारास पक्षी खाली असतात, उताराला घासून जातात, आणि ओळखायची हीच वेळ. भर दुपारी ते इतके वर जातात की दुर्बिणीतही कणभर दिसतात. तीननंतर पुन्हा खाली येऊ लागतात. धौलाधारवर दुपारी ढग जमायची खोड आहे. गडगडाट ऐकू आला की मोजणी तिथंच थांबवायची, तिपाई मिटायची आणि कडा सोडायचा. यावर चर्चा नको.

ओळख : आधी गिधाड बाजूला काढा

नवखा माणूस धौलाधारवर पहिला ‘गरुड’ म्हणून जो दाखवतो तो बहुधा हिमालयीन गिधाड असतो. प्रचंड पक्षी, पंखांचा पसारा पावणेतीन-तीन मीटर. प्रौढ असेल तर पोट आणि पंखांचा पुढचा भाग फिकट, मागची पिसं काळी, म्हणजे दुरूनही दुरंगी दिसतो. डोकं एवढंसं, शेपूट आखूड, पंख किंचित वर उचललेले. अडचण त्याच्या कोवळ्या पिल्लांची, कारण ती गडद तपकिरी असतात. तिथं डोकं पाहा. गरुडाचं डोकं आणि मान पुढे ठसठशीत आलेली दिसते, गिधाडाची खांद्यात बुडालेली. शिवाय गिधाडाच्या पंखाची मागची कड मध्ये फुगीर असते.

नेपाळी गरुडाचा पंखविस्तार साधारण पावणेदोन ते दोन मीटर. पंख लांब, टोकाला सात ‘बोटं’ फाकलेली. घिरट्या घालताना पंख जवळजवळ सपाट, पण वारा सोडून सरळ घसरत निघाला की पंखाचा पुढचा भाग खाली झुकतो आणि समोरून पाहिलं तर कमानीसारखा आकार दिसतो. पहिल्या वर्षाच्या पक्ष्याच्या पंखाखाली मधोमध लांब पांढरा पट्टा असतो. हा दुरूनही दिसतो आणि एकदा पाहिला की विसरत नाही. प्रौढाला हा पट्टा नसतो. तो गडद तपकिरी, पंखाखालच्या पिसांवर आडव्या रेघा आणि मागच्या कडेला काळी किनार. मधल्या वयाचे दोन्हींच्या मधले. पुस्तकात लिहिलेली पिवळ्या ओठांची डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाणारी रेघ खरी आहे, पण ती फोटोत दिसते. हजार मीटरवर तिचा विचार सोडून द्या.

बाकीच्यांची ओळख थोडक्यात : शेपटीला खाच आणि ती सुकाणूसारखी सतत पिळत असेल तर घार. लांब पाचरीसारखी शेपूट आणि अरुंद पंख असलेला मोठा पक्षी म्हणजे दाढीवालं गिधाड. काळ्या-पांढऱ्या रंगाचं, लहान पाचरी शेपटीचं ते इजिप्शियन गिधाड. टोकदार पंख ससाण्याचे किंवा खरूचीचे. सडपातळ अंग, पंख ठळक ‘व्ही’ आकारात आणि डोलत जाणारा तो भोवत्या (हॅरियर). चार-पाच फडफडाटी, मग एक घसरण, पुन्हा फडफडाट अशी चाल असेल तर चिमणमार ससाणा किंवा शिक्रा.

घारीचा प्रश्न मात्र अवघड आहे, कारण घारी इथं राहणाऱ्याही आहेत आणि प्रवासीही. इथं वागणूक पाहावी लागते. गावाच्या कचऱ्यावर उतरणारी, दुसऱ्या घारीशी भांडणारी, मागे वळणारी : सोडा. दहा-पंधरा जणींच्या विस्कळीत रांगेतून, न वळता, एकाच उंचीवरून पूर्वेला जाणारी : घ्या. मधल्यांबद्दल शंका वाटली तर सोडा. आकडा कमी पडला तरी चालेल.

घोळका मोजायचा कसा

वर चढणाऱ्या गरम हवेत पंधरा-वीस गरुड गोल फिरत असतात तेव्हा मोजण्याचा प्रयत्न करू नका. एकच पक्षी तीनदा मोजला जातो. थांबा. वर पोचल्यावर ते एकामागून एक त्या भोवऱ्यातून बाहेर पडतात आणि रांगेनं घसरत पूर्वेला निघतात. रांग मोजायची असते. ती रेघ ओलांडत असताना काउंटरचं बटण दाबत जा.

रांग फार दाट असेल तर दहा पक्षी नीट मोजा, त्यांनी आभाळाचा किती तुकडा व्यापलाय ते पाहा, आणि तेवढ्या मापानं पुढे जा. अशा नोंदीपुढे ‘अंदाजे’ लिहा. इस्रायलमध्ये एलातच्या डोंगरांवर १९८५च्या वसंतात साडेआठ लाखांवर मधुबाज मोजले गेले. तेवढे आकडे गटागटानं अंदाज घेऊनच हाती येतात. धौलाधारवर तशी वेळ सहसा येत नाही. इथं एकेक मोजणं परवडतं, तर मोजावं.

चार-पाच जण असाल तर कामं वाटून घ्या : दोघं शोधणारे, एक ओळखणारा, एक लिहिणारा. लिहिणाऱ्यानं दुर्बीण गळ्यात घालू नये, तो मोहात पडतो. दर तासाला पाळी बदला. मोठ्या लेन्सचा कॅमेरा घेऊन येणारे मित्र प्रत्येक गटात असतात. ते उपयोगी आहेत, कारण संशयित पक्ष्याचा फोटो रात्री मोठा करून पाहता येतो. पण त्यांना मोजणीत धरू नका, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ सकाळीच वहीच्या घड्याळाशी जुळवून घ्या.

वही

प्रत्येक तासाची वेगळी ओळ. सुरुवातीला हवामान : वारा कुठून आणि अंदाजे किती, ढगांनी किती टक्के आभाळ झाकलंय, दूरचा कोणता डोंगर दिसतोय, किती जण बघतायत. मग पक्षी. नमुना असा :

‘११ ते १२. वारा नैर्ऋत्येकडून हलका, ढग ३० टक्के, निरीक्षक ३. नेपाळी गरुड पूर्वेला : प्रौढ ९, पहिल्या वर्षाचे २, वय कळलं नाही ५. पश्चिमेला परत : १. अनोळखी मोठा गरुड : ४. घार पूर्वेला : ११. अनोळखी शिकारी पक्षी : ३.’

अनोळखींचे रकाने लाज वाटण्यासारखे नाहीत. सोळा पक्षी ओळखता आले आणि चार आले नाहीत, तर ते चार ‘बहुतेक नेपाळीच असतील’ म्हणून पहिल्या रकान्यात ढकलले की पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करायला काही उरत नाही. ज्या तासात काहीच गेलं नाही त्या तासाचीही ओळ लिहायची, शून्य घालून. नुसत्या भरलेल्या तासांची वही वाचणाऱ्याला वाटतं की दिवसभर गरुडांची रांग लागली होती.

वयाचा रकाना नवख्यांना चोचला वाटतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर १९३४पासून शिकारी पक्ष्यांची मोजणी चालू आहे. तिथल्या मॉरिस ब्राऊन यांच्या वहीत टकल्या गरुडाचे प्रौढ येत होते, पण कोवळे पक्षी वर्षागणिक कमी होत गेले. पिल्लंच वाढत नव्हती. डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ मध्ये आपल्या पुस्तकात जी बाजू मांडली त्यात हा पुरावा होता. नुसती एकूण संख्या लिहिली असती तर ते इतक्या लवकर कळलं नसतं. नेपाळी गरुड २०१५पासून जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे, आणि गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानं गिधाडांसारखाच तोही मरतो हे राजस्थानात सापडलेल्या मृत पक्ष्यांवरून दिसलं आहे. तेव्हा रकाना भरा. वसंतात साधारणपणे प्रौढ आधी निघतात आणि कोवळे मागून, म्हणून पहिल्या आठवड्यात कोवळे कमी दिसले तर घाबरून निष्कर्ष काढू नका.

रात्री मुक्कामावर त्याच दिवशी वहीची बेरीज करा आणि पानांचे फोटो काढून ठेवा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना एका जागी बसून केलेली नोंद असा प्रकार निवडा, तासातासाची वेगळी यादी करा, आणि शेऱ्यात दिशा व वय लिहा. तिथं ‘अनोळखी गरुड’, ‘अनोळखी शिकारी पक्षी’ असे पर्याय आहेत, ते वापरा. आणि एक लक्षात ठेवा : ई-बर्डच्या यादीत स्थानिक गिधाडं, घारी, खरूची, चिमण्यासुद्धा येतात, कारण ती दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी आहे. स्थलांतराची बेरीज वेगळी, ती तुमच्या वहीतली. दोन्ही एकमेकांत मिसळू देऊ नका.

जाण्याआधीचा सराव

हिमाचलला जाईपर्यंत वाट पाहायची गरज नाही. संध्याकाळी मुक्कामाच्या झाडांकडे परतणाऱ्या घारी मुंबई-पुण्यात कुठल्याही गच्चीवरून मोजता येतात. रेघ ठरवा, तासाभराची वही करा, एकाच वेळी दोघांनी वेगवेगळं मोजा आणि मग आकडे ताडून पाहा. दोघांत किती फरक येतो ते एकदा कळलं की डोंगरावर कुणाच्या आकड्यावरून भांडण होत नाही. सोलापूर, नगरच्या माळरानांवर हिवाळ्यात भोवत्ये असतात. त्यांची उडण्याची ढब तिथंच डोळ्यांत बसवून घ्या.

शरद ऋतूत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हेच पक्षी धौलाधारवरून उलटे, पश्चिमेकडे जातात. तेव्हा जागा तीच, रेघ तीच, पण प्रवाशांचा रकाना पश्चिमेचा आणि वजाबाकीचा पूर्वेचा. वहीच्या पहिल्या पानावर ऋतूचं नाव ठळक लिहून ठेवा.